रांगेचं गणित

माझ्या खिडकीसमोर रांग नसली की मी रिकामटेकडा ठरतो आणि असली की कामचुकार. बी. कॉम.नंतर मिळालेल्या या दोनच पदव्या!

पण माझी वकिली करणारा एक गृहस्थ शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेला, हे मला परवा कळलं. आग्नर एरलांग. डेन्मार्कमधल्या एका शाळामास्तरांचा मुलगा. १९०८ साली तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत लागला. तेव्हा फोन हातानं जोडत. तारा किती ओढायच्या, जोडणाऱ्या मुली किती बसवायच्या? कमी ठेवल्या तर गिऱ्हाईक ओरडणार, जास्त ठेवल्या तर मालक! कोण कधी फोन करील हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. पण तासाभरात अमुक इतके फोन येण्याची शक्यता किती, हे नेमकं मांडता येतं, असं एरलांगनं १९०९ च्या निबंधात दाखवलं. १९१७ मध्ये त्यानं वाट पाहण्याची सूत्रंही दिली. पुढे टेलिफोनच्या वर्दळीच्या मापालाच 'एरलांग' म्हणू लागले. आमच्याकडे नाव लागतं ते फक्त मेमोवर.

हेच गणित लेनर्ड क्लाइनरॉकनं १९६२ साली एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात संगणकांच्या जाळ्याला लावलं. तिथं निरोपसुद्धा रांगेत उभे राहतात. अगदी पेन्शनरांसारखे, फक्त पिशवी नसते.

मग मी आमचा हिशेब मांडला. माणशी सरासरी चार मिनिटं लागतात. माणसं कधीही येतात, कुणाचं काम लवकर उरकतं, कुणाचं लांबतं. मी निम्मा वेळ कामात असलो, तर रांगेत सरासरी चार मिनिटं जातात. शेकडा नव्वद वेळ कामात असलो, की छत्तीस! काम दुप्पटही झालेलं नाही, थांबणं मात्र नऊपट. आणि दोन खिडक्या उघडून रांग एकच ठेवली, तर त्या छत्तीस मिनिटांचं जेमतेम एक मिनिट उरतं.

गेल्या एक तारखेला रांगेतले एक आजोबा चक्कर येऊन खाली बसले होते. म्हणून तो कागद घेऊन मी साहेबांकडे गेलो. महिन्यातून तीन दिवस दुसरी खिडकी मागितली.

साहेबांनी आकडे दोनदा तपासले. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "म्हणजे तुम्ही दोघंही निम्म्याहून जास्त वेळ नुसते बसून राहणार?"

"हो साहेब," मी म्हटलं, "वाट कुणीतरी पाहायचीच आहे. आजोबांपेक्षा आम्ही पाहू. आम्हाला निदान खुर्ची आहे."