ओट्याचा दगड कोणी निवडला?

दिवाळी तोंडावर आली म्हणजे घरात काहीतरी नवे करण्याची टूम निघतेच. यंदा आमच्याकडे स्वयंपाकघराचा ओटा नवा करायचे ठरले. चिरंजीवांनी पांढरा संगमरवर पसंत केला. मी जुन्या कडप्प्याची बाजू घेतली. दोघांचा तासभर वाद रंगला. शेवटी चकल्यांचा घाणा उतरवता उतरवता सौ. म्हणाली, "तुम्हां दोघांपैकी ओट्याशी उभे कोण राहते?"

आम्ही दोघेही गप्प बसलो. पण तो प्रश्न काही माझ्या मनातून जाईना. आजवर आपल्या स्वयंपाकघरातला दगड निवडला तरी कोणी?

माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात ओटा नव्हताच. चूल जमिनीवर, भोवतीची जमीन शेणाने सारवलेली. दगड होते ते पाटा, वरवंटा, उखळ आणि जाते, सगळे काळ्या पाषाणाचे. हा पाषाण आजीने निवडला नव्हता, तसा आजोबांनीही नव्हता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून लाव्हारसाचे थरावर थर पसरले; ते थिजून आपला सह्याद्री झाला, वेरूळच्या कैलासाला लागलेला कातळ झाला, आणि आजीचा पाटाही झाला. पाथरवटाने टाकी लावून दिली की त्यावर चिंच वाटा, कोकम वाटा, पाषाणाला त्याचे काही नसे.

मग याच पाषाणाचा ओटा का झाला नाही? कारण तो पदरापदराने सुटत नाही. फोडला तर ओबडधोबड फुटतो, आणि हाताने घडवून त्याची पातळ, सपाट, लांबरुंद फरशी काढायची म्हणजे देवळाला परवडावे असे काम. घराला फरशी हवी होती ती स्वस्त, आणि जवळपास तर ती मिळत नव्हती.

ती वाट रेल्वेने मोकळी केली. १८७१ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुंबईकडून आलेला मार्ग सोलापूर, शहाबाद करीत रायचूरला पोचला, आणि तिथे मद्रासकडून कडप्प्यावरून आलेल्या मार्गाला मिळाला. ही दोन स्थानके वाचकांच्या ध्यानात आलीच असतील. शहाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. आज ते कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात आहे. तिथला आणि आंध्रातल्या कडप्प्याचा, दोन्ही दगड चुनखडीचे, प्राचीन समुद्राच्या तळाशी थराथराने साचलेले. त्यामुळे पहार लावली की पानासारख्या फरश्या सुटतात. दगडासारखा जड आणि हलक्या किमतीचा माल बैलगाडीने दूर नेणे परवडत नाही. आगगाडीने नेणे परवडते. शहाबादी फरशी आपल्या पायांखाली आली आणि कडप्पा हातांखाली आला, त्यामागे हा हिशेब आहे.

पण हातांखाली येण्यासाठी आधी बाईने उभे राहायला हवे होते. लाकडाची चूल उचलून ओट्यावर ठेवणे सोपे नव्हते. १८९२ साली स्वीडनमध्ये प्राइमस स्टोव्ह निघाला, तो पुढे आपल्याकडे घरोघर भुरभुरू लागला. १९५५ साली मुंबईत गॅसचे नळकांडे आले. शहरातल्या लहान जागांत, बैठ्या चुलीची जागा उभ्या ओट्याने घेतली. विटांच्या दोन भिंती आणि वर कडप्प्याची फरशी, झाला ओटा. गुडघ्यावर हात टेकून दिवसातून शंभरदा उठणे-बसणे वाचले. इतिहासाच्या पुस्तकांत या क्रांतीला कोणी तारीख दिलेली नाही.

आमच्या पुण्याच्या बिऱ्हाडातला कडप्पा वडिलांनी निवडला. काळा, घोटीव, पाहताच डोळे निवावेत असा. पहिल्याच उन्हाळ्यात आईने लिंबाचे लोणचे घातले आणि ओट्यावर पांढुरके चट्टे उमटले. वडील म्हणाले, "नवा ओटा आहे, जरा जपून वापरावा माणसाने." आईने राखेने घासले, सोड्याने घासले, शेवटी खोबरेल तेलाचा बोळा फिरवला. दोन दिवस काळेपणा आला, तिसऱ्या दिवशी चट्टे पुन्हा वर. पुढची तीस वर्षे ती दर शनिवारी ओट्याला तेल लावीत असे, जणू एखादा अपराध झाकावा तसे.

अपराध तिचा नव्हता. चुनखडीला आंबट लागले की त्यातला चुना विरतो. तो चट्टा म्हणजे वरून बसलेला डाग नव्हे. दगडाची झिलईच तिथे खाल्ली गेलेली असते. मग ती घासून परत कशी यावी? ज्या घरात रोज आमटीला चिंच आणि कोशिंबिरीला लिंबू, तिथे चुनखडीचा ओटा घालायचा आणि चट्ट्यांचा बोल बाईला लावायचा, असा हा न्याय!

संगमरवराचेही तेच. ताजमहालाला शोभा देणारा मकराण्याचा दगड कितीही शुभ्र असो, तोही मुळात चुनखडीच. भूगर्भातल्या उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेली. लिंबू त्याला तसेच खाते, वर हळद आपला रंग देऊन जाते.

ग्रॅनाइटची जात वेगळी. त्यातले गारेचे आणि फेल्डस्पारचे कण लिंबाला दाद देत नाहीत. त्याची झिलईही काही आजची नाही. बिहारमधल्या बराबर टेकडीवरची लेणी अशोकाच्या काळी खोदली, त्यांच्या भिंती आजही आरशासारख्या लखलखतात. फक्त तेव्हा ते काम सम्राटाच्या पदरच्या कारागिरांचे होते. हिऱ्याच्या दात्यांची करवत आल्यावर ते तुमच्याआमच्या ऐपतीत उतरले. फिक्या ग्रॅनाइटमध्ये मात्र तेल मुरते, एवढे ध्यानात ठेवावे.

आणि एक गंमत सांगतो. बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून जो विकला जातो, तो पुष्कळदा ग्रॅनाइट नसतोच. कर्नाटक-तमिळनाडूकडचा हा दगड डोलेराइट, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचाच भाऊबंद. भूगर्भातल्या भेगांत सावकाश थिजलेला आणि वयाने त्याच्याहून फार वडील. आजीच्या पाट्याचे कूळ फिरून ओट्यावर येऊन बसले म्हणायचे.

परवा आम्ही तिघे दुकानात गेलो. सौ.ने पिशवीतून लिंबू काढले, दुकानदाराकडे सुरी मागितली आणि मांडून ठेवलेल्या चारही तुकड्यांवर चार-चार थेंब पिळले. "अर्धा तास थांबू या," ती म्हणाली. दुकानदाराने चहा मागवला. अर्ध्या तासाने तिने पदराने तुकडे पुसले. संगमरवरावर आणि कडप्प्यावर चार-चार ठिपके उमटले होते. करड्या ग्रॅनाइटवर काही नव्हते, पण त्यावर तिने तेलाचे बोट लावून पाहिले होते, ते काळसर दिसत होते. चौथा तुकडा, काळा, होता तसाच होता.

"हा," ती म्हणाली. "आणि उंची माझ्या कोपराला बेताची. तुमच्या नव्हे."

चिरंजीवांनी मुकाट्याने माप लिहून घेतले. मला मात्र आईचा तो तेलाचा बोळा आठवला. चार थेंब लिंबू कोणी वेळेवर पिळले असते, तर तिचे तीस वर्षांचे शनिवार वाचले असते.