कार्डावरची नावं

रेशन कार्ड म्हटलं की आपल्याला दुकानापुढची रांग, रॉकेलचा डबा आणि साखरेची पिशवी आठवते. पुष्कळ घरांत ते कार्ड नुसता पत्त्याचा पुरावा म्हणून कपाटात पडून असायचं. पण ज्या घरची चूल त्या कार्डावर पेटते, त्या घरापर्यंत ते पोहोचायला फार वर्षं लागली. ती हकिगत आज थोडक्यात सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला. मुंबईला तिकडून येणारा तांदूळ थांबला आणि १९४३ मध्ये शहरात रेशनिंग सुरू झालं. गिरणी कामगार असो की बंगल्यातला शेठ, कार्ड दोघांनाही. तेव्हा प्रश्न टंचाईचा होता, गरिबीचा नव्हता. पुढे १९६५ साली अन्न महामंडळ स्थापन झालं, गावोगाव स्वस्त धान्याची दुकानं निघाली, तरी कार्ड सर्वांसाठीच राहिलं.

१९९७ साली मात्र रेघ ओढली गेली. दारिद्र्यरेषेखालचे वेगळे, वरचे वेगळे. आपल्या राज्यात १९९९ मध्ये कार्डांना रंग आले: पिवळं, केशरी, पांढरं. पिवळ्यासाठी उत्पन्नाची मर्यादा होती वर्षाला १५ हजार रुपये. म्हणजे सगळ्या कुटुंबाला दिवसाला साधारण ४१ रुपये! एवढ्यात बसायचं आणि तेही कागदावर दाखवायचं. खरा गरीब या दुसऱ्या अटीपाशीच अडायचा.

२००१ साली तर विपरीतच चित्र होतं. सरकारी गोदामांत पाच कोटी टनांहून अधिक धान्य साठलेलं आणि राजस्थानात दुष्काळाने माणसं उपाशी. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने अन्नाच्या सरकारी योजना या मेहेरबानी न राहता हक्क ठरल्या.

त्याहून मोलाचा आदेश आला २ मे २००३ रोजी. निराधार वृद्ध, आधार नसलेल्या विधवा, अपंग आणि आदिम जमाती यांना अंत्योदय कार्ड द्या, असं न्यायालयाने बजावलं. अंत्योदय म्हणजे महिन्याला ३५ किलो धान्य. गहू दोन रुपयांनी, तांदूळ तीन रुपयांनी.

आपल्याकडच्या आदिम जमाती तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. रायगड-ठाण्याकडची कातकरी वाडी कित्येकदा दुसऱ्याच्या जमिनीवर वसलेली. घराचा कागद नाही. दिवाळीनंतर माणसं वीटभट्टीवर जाणार, पावसाच्या तोंडावर परतणार. तहसील कचेरीत पुरावा मागितला की द्यायचं काय? अशांना त्यांच्या जमातीवरूनच कार्ड मिळावं, ही त्या आदेशातली खरी गोष्ट. तरीही दुकान गावात आणि माणूस भट्टीवर, ही अडचण उरलीच.

२०१३ साली अन्नसुरक्षा कायदा झाला. माणशी ५ किलो धान्य ठरलं आणि घरातली सर्वांत थोरली बाई कार्डावर कुटुंबप्रमुख झाली. २०२२ पर्यंत सर्व राज्यांत, देशातल्या कुठल्याही दुकानातून आपलं धान्य उचलण्याची सोय झाली आणि २०२३ पासून ते मोफत मिळू लागलं.

मग आता राहिलं काय? राहिली नावं. लाभार्थींची संख्या २०११ च्या जनगणनेवरून ठरलेली आहे. त्यानंतर कितीतरी मुलं जन्मली. सून घरात येते, पण माहेरच्या कार्डातून नाव कमी झाल्याशिवाय सासरच्या कार्डात चढत नाही. धान्य माणशी मिळतं, म्हणून प्रत्येक राहिलेल्या नावामागे महिन्याचे ५ किलो जातात.

आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना एकदा विचारून पाहा: घरात माणसं किती आणि कार्डावर नावं किती? दोन्ही आकडे जुळत नसतील, तर त्यांचा अर्ज भरून द्यायला अर्धा तास काढा. ऐंशी वर्षांच्या या हकिगतीतलं उरलेलं काम तेवढंच आहे, आणि ते आपल्याला जमण्यासारखं आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)