नवी मोटार घेताना सस्पेन्शन कोणते? ‘अडॅप्टिव्ह’ की ‘स्पोर्ट’

नाशिक - मोटारीच्या शोरूममध्ये गेलेला ग्राहक रंग, सनरूफ आणि पडद्याचा आकार यांविषयी तासभर प्रश्न विचारतो. सस्पेन्शनविषयी मात्र क्वचितच कोणी विचारते. वास्तविक पडदा नंतर बदलता येतो, सीट कव्हर बदलता येते. सस्पेन्शन मात्र गाडी नोंदविताना जे निवडले तेच आठ-दहा वर्षे पाठीला आणि खिशाला सोसावे लागते. पूर्वी हा प्रश्न परदेशी आलिशान गाड्यांपुरताच मर्यादित होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्रने ‘एक्सईव्ही ९ई’ व ‘बीई ६’ या चाकण येथे तयार होणाऱ्या विजेवरील मोटारींच्या वरच्या श्रेणीत अडॅप्टिव्ह डॅम्पर दिले, आणि मध्यमवर्गीय ग्राहकासमोरही ही निवड येऊन ठेपली.

सस्पेन्शनमध्ये मुख्यतः दोन घटक असतात. स्प्रिंग गाडीचे वजन पेलते आणि खड्ड्याचा धक्का झेलते. शॉकअ‍ॅब्सॉर्बर, म्हणजेच डॅम्पर, त्या स्प्रिंगची उसळी आवरतो. डॅम्परच्या नळकांड्यात तेल असते आणि दट्ट्याला बारीक छिद्रे व झडपा असतात. छिद्रे मोठी असतील तर तेल सहज वाहते व गाडी मऊ वाटते. छिद्रे लहान असतील तर गाडी ताठ राहते. आरामासाठी बांधलेल्या मोटारीचा सांगाडा साधारणपणे सेकंदाला एक ते दीड वेळा वरखाली होतो. चालण्याची लयही याच्या जवळपासची असल्याने शरीराला ती खटकत नाही. याउलट सेकंदाला चार ते आठ या गतीची उभी कंपने माणसाला सर्वाधिक त्रास देतात. ताठ गाडीत लांबच्या प्रवासानंतर कंबर धरते, त्यात या कंपनांचा वाटा मोठा असतो.

स्थिर स्पोर्ट सस्पेन्शनमध्ये उत्पादक आखूड व कडक स्प्रिंग, घट्ट डॅम्पर आणि बहुधा जाड अँटिरोल बार बसवितो. गाडी काही मिलिमीटर खाली बसते, वळणावर कमी कलते आणि स्टिअरिंगला चटकन प्रतिसाद देते. रांजणगावला तयार झालेली फियाटची अबार्थ पुंटो (२०१५) किंवा टाटाच्या टियागो व टिगोरच्या ‘जेटीपी’ आवृत्त्या (२०१८) ही याची परिचित उदाहरणे. दोन्ही आता बंद झाल्या असल्या, तरी त्यांचे चाहते त्यांच्याविषयी आजही हळवेपणाने बोलतात. या पद्धतीत अभियंत्याने एकदाच जुळणी केलेली असते; ती चांगली असेल तर गाडीचे वागणे प्रत्येक वेळी सारखे व विश्वासार्ह राहते. मात्र ती नाशिकच्या रस्त्यासाठी केलेली असेलच, असे नाही.

अडॅप्टिव्ह पद्धतीत डॅम्परच्या झडपेवर विद्युत नियंत्रण असते. सांगाड्यावरील व चाकांजवळील संवेदक हालचाल मोजतात आणि संगणक सेकंदाच्या काही हजाराव्या भागात झडप कमी-अधिक उघडतो. हे तंत्र नवे नाही. टोयोटाच्या सोआरर मोटारीत इलेक्ट्रॉनिक डॅम्पर १९८३ मध्येच आले होते. त्याहून पुढचे, हायड्रॉलिक दाबाने चाके स्वतःच वरखाली करणारे ‘अ‍ॅक्टिव्ह’ सस्पेन्शन वापरून विल्यम्स संघाने १९९२ मध्ये फॉर्म्युला वन गाजविले आणि १९९४ पासून तेथे त्यावर बंदी आली. शोरूममध्ये मिळते ते हे नव्हे. आपल्याकडील अडॅप्टिव्ह यंत्रणा केवळ डॅम्परचा ताठपणा बदलते; स्प्रिंग तीच राहते, गाडीची उंचीही तीच राहते. उंची बदलायची तर एअर सस्पेन्शन हवे आणि तो निराळ्या किमतीचा मामला आहे. विक्रेत्याच्या बोलण्यात या तिन्हींची अनेकदा सरमिसळ होते, म्हणून हा खुलासा.

आता नाशिकचा रस्ता पाहू. द्वारकेवरून जाणाऱ्या लांबलचक उड्डाणपुलावर ठराविक अंतराने सांध्यांचे धक्के बसतात. मुंबईकडे निघाले की कसारा घाट आणि पुढे शहापूर-भिवंडी पट्ट्यातील खड्डे, ज्यांविषयी पावसाळ्यात दरवर्षी ओरड होते. पुण्याकडे मोहदरी घाट, पेठच्या दिशेने सावळघाट. आणि जून २०२५ मध्ये अखेरचा टप्पा खुला झाल्यानंतर ७०१ किलोमीटरचा संपूर्ण समृद्धी महामार्ग, जेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्यात २०२७ च्या सिंहस्थासाठीची रस्त्यांची कामे. एकाच दिवसात एवढे निरनिराळे रस्ते लागणाऱ्या शहरात एकाच ताठपणाचे सस्पेन्शन सर्वत्र योग्य ठरणे कठीण आहे, आणि अडॅप्टिव्हच्या बाजूचा सर्वांत सबळ मुद्दा हाच आहे.

गतिरोधकांची गोष्ट तर निराळीच. भारतीय रस्ते महासभेच्या निकषानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा. गल्लोगल्ली रातोरात उभे राहणारे आखूड, टोकदार उंचवटे या निकषात बसत नाहीत. खाली बसविलेली स्पोर्ट मोटार चार प्रवाशांसह अशा उंचवट्यावर पोट घासते. तेथे झडप उघडणारा संगणकही फारशी मदत करू शकत नाही, कारण प्रश्न ताठपणाचा नसून उंचीचा असतो. ‘स्पोर्ट’ म्हणजे खाली व ताठ, हे समीकरण गुळगुळीत शर्यतीच्या ट्रॅकवरून आले आहे. नाशिक परिसरात ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ पाहिलेल्यांना ठाऊक असेल, की कच्च्या रस्त्यावरच्या रॅली मोटारी उंच असतात आणि त्यांच्या चाकांना वरखाली होण्यास भरपूर वाव असतो.

याशिवाय एक तिसरा मार्ग आहे आणि तो नाशिकच्याच कारखान्यातून बाहेर पडतो. येथे तयार होणाऱ्या थार रॉक्समध्ये (२०२४) कंपनानुसार वागणारे डॅम्पर आहेत. स्कॉर्पिओ-एन व एक्सयूव्ही ७०० मध्येही याच तत्त्वाचे डॅम्पर आले. खडबडीत रस्त्याची जलद थरथर आली की आतील जादा झडप तेलाला वाट देते व डॅम्पर मऊ होतो. वळणावरील सावकाश कलंडणे आले की ती वाट बंद होऊन तो ताठ राहतो. वायर नाही, संवेदक नाही, संगणक नाही. अडॅप्टिव्हइतकी व्याप्ती यात मिळत नाही. पण दुरुस्तीची धास्तीही नाही. आमच्या मते आठ-दहा वर्षे गाडी वापरणाऱ्या सर्वसाधारण कुटुंबाने या पर्यायाकडे आधी पाहावे.

दुरुस्तीचा मुद्दा शोरूममध्ये कोणी काढत नाही, तो ग्राहकानेच काढावा. साध्या डॅम्परच्या तुलनेत अडॅप्टिव्ह डॅम्पर कैकपट महाग असतो आणि तेल गळू लागल्यास बहुधा एका आसावरील दोन्ही बदलावे लागतात. यंत्रणेत बिघाड झाल्यास गाडी सहसा थांबत नाही. झडप एका ठराविक स्थितीत राहते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. बाहेरच्या गॅरेजमध्ये साधे डॅम्पर टाकून काम भागविले तर तो दिवा तसाच राहतो. सामान्य झीज मोटार विम्यात येत नाही, ‘झिरो डेप्रिसिएशन’ घेतले तरीही नाही. म्हणून वॉरंटीत डॅम्पर किती वर्षे व किती किलोमीटर समाविष्ट आहेत आणि एका डॅम्परची आजची किंमत काय, हे बुकिंगपूर्वी लेखी घ्यावे. गाडी वॉरंटी संपण्याआधी विकण्याची सवय असलेल्यांना अडॅप्टिव्हचा जादा खर्च सोसतो. जुनी गाडी घेणाऱ्याने मात्र दहादा विचार करावा.

टायरकडे दुर्लक्ष करून तर कोणताही निर्णय घेऊ नये. २०५/५५ टायरची बाजूची उंची सुमारे ११३ मिलिमीटर, तर २२५/४० ची अवघी ९० मिलिमीटर भरते. म्हणजे मोठ्या अलॉयच्या हौसेपायी २३ मिलिमीटर हवेची गादी गेली. वरच्या श्रेणीत अडॅप्टिव्ह डॅम्पर आणि मोठी चाके अनेकदा एकत्रच येतात; महागड्या डॅम्परने मिळविलेला आराम चाकांनी काही अंशी परत घेतला, असा हा व्यवहार होतो.

टेस्ट ड्राइव्ह कॉलेज रोडवर एक फेरी मारून उरकू नये. प्रथम चारही टायरमधील हवा दारावरील तक्त्यानुसार करून घ्यावी, कारण उभ्या राहिलेल्या डेमो गाडीत ती क्वचितच बरोबर असते. मग घरची तीन माणसे बसवून उड्डाणपूल, खराब डांबराचा एखादा पट्टा, ओळखीचा गतिरोधक आणि शक्य असल्यास घाटाची चार वळणे घ्यावीत. अर्धा वेळ स्वतः मागच्या सीटवर बसावे. ताठ गाडीचे हादरे तेथे अधिक जाणवतात. उलट अडॅप्टिव्हच्या ‘कम्फर्ट’ स्थितीत काही गाड्या मागे होडीसारख्या डुलतात आणि घाटात मुलांना मळमळते. ‘कम्फर्ट’ व ‘स्पोर्ट’ यांतील फरक डोळे मिटूनही जाणवला पाहिजे. जाणवत नसेल तर पैसे कशाचे, हे विक्रेत्याला विचारावे.

माहितीपत्रकही नीट वाचावे. २०२२ मध्ये आपल्याकडे आलेल्या, छत्रपती संभाजीनगर येथे जुळणी होणाऱ्या स्कोडा कोडिअ‍ॅकमध्ये अडॅप्टिव्ह डॅम्पर होते. पण एका वर्षीच्या आवृत्तीत असलेली यंत्रणा पुढच्या पिढीत किंवा खालच्या श्रेणीत असेलच, असे गृहीत धरता येत नाही. परदेशी संकेतस्थळावरील माहितीवर तर मुळीच विसंबू नये.

ज्यांना एकट्याने, पहाटे, मोकळ्या रस्त्यावर गाडी चालविण्याचा छंद आहे आणि घरात दुसरे वाहन आहे, त्यांनी स्थिर स्पोर्ट सस्पेन्शन खुशाल घ्यावे. त्यातला आनंद बटणाने बदलणाऱ्या यंत्रणेत पुरता मिळत नाही. परंतु साधी गाडी घेऊन नंतर बाहेरून स्प्रिंग कापून ती खाली बसविण्याचा उद्योग करू नये. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात आपल्या जागेवरून निसटू शकते, डॅम्पर लवकर बाद होतो आणि सस्पेन्शनवरील वॉरंटीचा दावा फेटाळला जाण्याची शक्यता निर्माण होते.