बावीस फूट बाय सोळा फूट : स्नूकरचे टेबल घरात कसे मावले? (थ्रेड)

साल १८५९. इंग्लंडच्या केंट परगण्यातील डाउन या खेड्यात, पोटाच्या विकाराने जेरीस आलेल्या एका निसर्गशास्त्रज्ञाच्या घरी बिलियर्ड्सचे टेबल दाखल झाले. गृहस्थाचे नाव चार्ल्स डार्विन. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ प्रसिद्ध व्हायचा होता आणि लेखनाच्या ताणातून डोक्याला विसावा हवा होता. पार्सलो नावाच्या जुन्या बटलरबरोबर तो खेळत असे.

टेबल आले कोठे, हे पाहण्याजोगे आहे. आदल्या वर्षी घराला नवा दिवाणखाना जोडला गेला होता. त्यामुळे जुन्या दिवाणखान्यात जेवणघर गेले, आणि जुने जेवणघर मोकळे झाले. त्या मोकळ्या खोलीत टेबल बसले. आधी खोली, मग टेबल. या खेळाचा घरगुती इतिहास बराचसा या क्रमाचाच इतिहास आहे, आणि ज्यांच्यापाशी मोकळी खोली नव्हती त्यांनी हा क्रम उलटा कसा केला याचाही.

स्नूकर तेव्हा जन्मालाही आले नव्हते. ते आले १८७५ मध्ये, आपल्या जबलपूरच्या छावणीत. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने (पुढे पंतप्रधान झालेला चेंबरलेन वेगळा) मेसमधील बिलियर्ड्सच्या टेबलावरच रंगीत चेंडूंचा नवा डाव मांडला. म्हणजे स्नूकरला स्वतःचे टेबल कधीच नव्हते. बिलियर्ड्सचे टेबल त्याला वारशाने मिळाले, आणि वारशाबरोबर त्याचा अवाढव्य आकारही.

हा आकार म्हणजे १२ फूट बाय ६ फूट. प्रत्यक्ष खेळाची जागा किंचित कमी, ११ फूट साडेआठ इंच बाय ५ फूट १० इंच. पण टेबल मावले म्हणजे खेळ मावला असे नव्हे. क्यू साधारण ५८ इंचांचा, म्हणजे ४ फूट १० इंच. चेंडू कुशनला चिकटून थांबला, तर खेळाडूला जवळजवळ संपूर्ण क्यू टेबलाच्या बाहेर धरावा लागतो, शिवाय हात मागे न्यायलाही थोडी जागा हवी. चारही बाजूंना सुमारे पाच-पाच फूट सोडले की खोली होते २२ फूट बाय १६ फूट. व्हिक्टोरियन काळात ही खोली म्हणजे प्रतिष्ठेचे लक्षण ठरली. रॉबर्ट कर या वास्तुरचनाकाराने १८६४ च्या ‘द जेंटलमन्स हाउस’ या ग्रंथात बिलियर्ड्सच्या खोलीचा स्वतंत्र विचार केला, यावरून सधन घराच्या आराखड्यात तिने मिळवलेले स्थान दिसते.

जागेखेरीज वजनाचाही प्रश्न होता. लंडनच्या जॉन थर्स्टनने १८२६ मध्ये लाकडी तळाऐवजी पाटीच्या दगडाचा तळ बसवायला सुरुवात केली. लाकूड हवेनुसार वाकते, पाटी वाकत नाही. खेळ सुधारला, पण टेबलाचे वजन टनाच्या वर गेले. असे आठ पायांचे धूड माडीवर चढवणे म्हणजे तुळयांची परीक्षा, म्हणून ते तळमजल्यावरच बरे. १८३५ च्या सुमारास कडांना रबर आले. थंडीत ते दगडासारखे कडक होई. ज्या खोलीत शेकोटी पेटत नसे तिथे हिवाळ्यात चेंडू उसळी घेण्याऐवजी थबकत असत. गंधकाच्या प्रक्रियेने रबर टिकाऊ करण्याची युक्ती १८४० च्या दशकात सापडली, तेव्हा कुठे हा त्रास संपला.

आता लँकेशायरमधील अॅक्रिंग्टन या गिरणगावाकडे वळू. येथील रायली या कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या गिऱ्हाइकाकडे लक्ष वळवले त्याच्या घरी बिलियर्ड्सची खोली नव्हती आणि कधी होणारही नव्हती. कारकून, शिक्षक, दुकानदार. एकाला एक चिकटून उभ्या असलेल्या घरांत राहणारा वर्ग. या वर्गासाठी रायलीने जेवणाचे टेबल आणि बिलियर्ड्सचे टेबल एकत्र केले. वरच्या फळ्या काढल्या की खाली हिरवे कापड. जेवणासाठी टेबलाची उंची कमी, खेळासाठी जास्त. त्यासाठी ते वर उचलण्याची यंत्रणा असे. लांबी ५ फूट ४ इंच, ६ फूट ४ इंच, ७ फूट ४ इंच अशा टप्प्यांत. मासिकांतल्या जाहिरातींत सात दिवस फुकट वापरून पाहण्याची सवलत आणि पुढे मासिक हप्ते. उमरावाच्या घरातील खोली हप्त्यांवर, तीही जेवणाच्या फळ्यांखाली दडवून, सामान्य घरात शिरली.

मात्र ग्राहकाला जी मेख खरेदीनंतरच कळत असावी ती गणितात होती. ६ फूट बाय ३ फुटांच्या टेबलाला ‘अर्धे’ म्हणत, पण क्षेत्रफळाने ते मोठ्या टेबलाचा चौथा हिस्सा : ७२ चौरस फुटांऐवजी १८. खोली मात्र त्या प्रमाणात आक्रसत नाही, कारण खेळाडूचा हात आणि क्यू आहेत तेवढेच राहतात. तेच पाच-पाच फूट सोडले तर खोली लागते १६ बाय १३. म्हणजे ३५२ चौरस फुटांऐवजी २०८. टेबल चौपट लहान झाले, पण खोली जेमतेम दोन-पंचमांशाने घटली! बारा-चौदा फुटांच्या बैठकीत हे टेबल बसे, पण खेळताना कोपर भिंतीला लागे. टेबल निवडताना टेबल मोजण्यापेक्षा क्यू मोजणे महत्त्वाचे, हे आजही खरे आहे.

यावरचा साधा उपाय म्हणजे आखूड क्यू. चार फुटांचा क्यू घेतला, तर त्याच टेबलाला सुमारे साडेचौदा बाय साडेअकरा फूट पुरतात. आखूडपणाची कमाल मात्र १९३८ मध्ये लंडनच्या थर्स्टन हॉलमध्ये झाली, आणि तीही व्यावसायिक सामन्यात. टॉम न्यूमनविरुद्ध खेळताना अॅलेक ब्राउनचा पांढरा चेंडू लाल चेंडूंच्या गर्दीत अडकला. ब्राउनने खिशातून जेमतेम ५ इंचांची शिसवी काडी काढली, तिला खडू लावला आणि फटका मारला. न्यूमनने हरकत घेतली, पंचांनी फाउल दिला, आणि त्यानंतर लवकरच नियम झाला : क्यू तीन फुटांहून कमी लांबीचा नसावा. अडचणीच्या बैठकीत खेळणाऱ्यांनी तीन फूट ही मुभाच समजावी.

भारतात मात्र हा खेळ मुख्यतः मेस, क्लब आणि जिमखान्यांतच नांदला. पुण्यात १९२२ मध्ये जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कोलकात्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. अशा खेळाडूला पूर्ण आकाराचे टेबल घरी असण्याची गरज नव्हती. ते कोठे तरी खुले असण्याची गरज होती.

ब्रिटनमध्ये लहान टेबलाला दुसरे आयुष्य दिले ते रंगीत दूरचित्रवाणीने. १९६९ मध्ये बीबीसीने ‘पॉट ब्लॅक’ सुरू केला. रंगांवर चालणारा खेळ रंगांत दिसू लागला, आणि मुलांना घरी टेबल हवेसे झाले. १९८१ च्या नाताळात स्कॉटलंडमध्ये बारा वर्षांच्या स्टीफन हेंड्रीला भेट म्हणून मुलांसाठीचे छोटे टेबल मिळाले. त्यापूर्वी तो हा खेळ खेळलेला नव्हता. नऊ वर्षांनी, १९९० मध्ये, एकविसाव्या वर्षी तो जगज्जेता झाला; एवढ्या कमी वयात तोवर कोणीही झाले नव्हते.

ते विजेतेपद त्याने शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात मिळवले. १९७७ पासून जागतिक स्पर्धा तिथेच होते. सुरुवातीच्या फेऱ्यांत तिथे पडदा टाकून शेजारी-शेजारी दोन टेबले मांडतात, आणि जगातले सर्वोत्तम खेळाडूही क्यू मागे घ्यायला जागा अपुरी पडते म्हणून कुरकुरतात.