एका कोंबडीची गाठ आणि पंचावन्न वर्षांची प्रतीक्षा

वाचकहो, कर्करोगाचे नाव घरात निघाले की बोलणे हळू आवाजात होऊ लागते. हा रोग एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जातो काय, हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो. तोंडाने कोणी विचारीत नाही, इतकेच. मग रोग्याचे ताट-पेला वेगळे होतात, नातवंडांना त्याच्या खाटेपाशी जाऊ दिले जात नाही. या प्रश्नाचा शास्त्रीय इतिहास फार उद्बोधक आहे आणि त्यात एका कोंबडीला मानाचे स्थान आहे.

सन १९०९ मध्ये न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत पेटन राउस नावाचे तरुण डॉक्टर संशोधन करीत होते. त्यांच्याकडे प्लिमथ रॉक जातीची एक कोंबडी आणण्यात आली. तिच्या छातीवर मोठी गाठ होती. राउस यांनी गाठीचे लहान तुकडे त्याच वाणाच्या दुसऱ्या कोंबड्यांच्या अंगात बसविले. काहींच्या अंगी तशीच गाठ वाढली.

यात तसे नवल नव्हते. उंदरांवर असे प्रयोग आधीच झाले होते. विद्यार्थी मित्रांनो, कलम आपणांस ठाऊक आहे. रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधली, तर वाढते ती हापूसची काडी; रायवळ काही हापूस होत नाही. त्याचप्रमाणे गाठीतील जिवंत पेशी दुसऱ्या प्राण्याच्या अंगात रुजल्या आणि वाढल्या, एवढेच यातून सिद्ध होते. खरा प्रश्न पुढचा होता. पेशी पूर्णपणे काढून टाकल्या आणि नुसता रस टोचला, तर निरोगी प्राण्याच्या स्वतःच्या पेशी बिघडतील काय?

राउस यांनी गाठ वाळूबरोबर घोटली, तिचा द्रव काढला आणि तो अतिशय बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळला. पेशी तर सोडाच, जंतूदेखील त्या गाळणीतून पार होत नसत. हा गाळलेला रस निरोगी कोंबड्यांना टोचला आणि त्यांनाही तोच कर्करोग झाला! सन १९११ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्यापूर्वी १९०८ मध्ये कोपनहेगन येथे एलरमन आणि बांग यांनी कोंबड्यांचा रक्तकर्करोग अशाच गाळलेल्या रसाने दुसऱ्या कोंबड्यांत उत्पन्न केला होता. परंतु त्या काळी त्या विकाराची गणना कर्करोगात होत नसे.

आपणांस वाटेल, जगाने राउस यांना डोक्यावर घेतले असेल. तसे झाले नाही. कोंबड्यांचे सोडा, उंदरांच्या गाठींतून असे काही निघत नाही, असे विद्वान म्हणू लागले. आणि उंदरांवरील प्रयत्न खरोखरच फसत होते. राउस यांनीही हा विषय बाजूला ठेवून पहिल्या महायुद्धाच्या काळात रक्त टिकविण्याच्या पद्धतीवर मोलाचे काम केले. पुढे १९३३ मध्ये रिचर्ड शोप यांना सशांच्या गाठींत विषाणू सापडला. १९५१ मध्ये लुडविक ग्रॉस यांनी उंदरांचा रक्तकर्करोग पेशीविरहित रसाने नवजात पिलांत उत्पन्न करून दाखविला. अखेर १९६६ मध्ये राउस यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांचे वय ८७ वर्षांचे होते!

तरी गोष्ट येथेच संपली नाही. राउस यांच्या विषाणूतील एक विशिष्ट जनुक कर्करोग घडवितो, हे नंतर कळले. १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील बिशप, व्हार्मस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, हे जनुक मुळात कोंबडीच्याच निरोगी पेशीतील होय. विषाणूने ते केव्हातरी उचलले होते. अशीच जनुके माणसाच्या पेशींतही असतात. आपापले काम ती शिस्तीने करतात. तंबाखू, किरणोत्सर्ग वा अन्य कारणाने त्यांत बिघाड झाला की पेशी बेबंद वाढू शकतात. या शोधाला १९८९ चे नोबेल मिळाले.

आता पालकांनी दोन गोष्टींची गल्लत करू नये. प्रयोगशाळेत रस सुईने टोचला होता. रोग्याजवळ बसल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने, त्याची सेवा केल्याने कर्करोग होत नाही. त्याला वेगळे टाकणे हा निव्वळ अन्याय आहे. दुसरी गोष्ट, काही कर्करोगांमागे विषाणू असतात हेही तितकेच खरे. यकृताच्या कर्करोगाला कारण होणारा ‘हिपॅटायटिस बी’चा विषाणू रक्तातून आणि प्रसूतीच्या वेळी मातेकडून बाळाकडे जातो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे पॅपिलोमा विषाणू असतो, हे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८० नंतरच्या दशकात दाखविले. त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. हा विषाणू मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो. या दोन्ही विषाणूंवर लस आहे. पॅपिलोमावरील भारतीय लस तर आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये बाजारात आणली. ती मुलींना ९ ते १४ या वयात देणे सर्वांत लाभदायक ठरते. लाजेखातर हा विषय टाळू नका. डॉक्टरांना अवश्य विचारा.

आणि विद्यार्थ्यांनो, एवढे ध्यानी ठेवा. राउस यांचा निष्कर्ष लोकांनी मानला नाही म्हणून तो खोटा ठरला नाही. प्रयोग काळजीपूर्वक केलेला होता, नोंदी चोख होत्या. म्हणूनच अर्ध्या शतकानंतरही तो जसाच्या तसा उभा राहिला. आपल्या वहीतील प्रत्येक नोंद अशीच प्रामाणिक असावी.