सोशल लॉगिन

सोशल लॉगिन म्हणजे एखाद्या संकेतस्थळावर स्वतंत्र पासवर्ड न घेता गूगल, फेसबुक, ॲपल अशा त्रयस्थ सेवेतील खात्याच्या आधारे प्रवेश करण्याची पद्धत होय. तिचा पाया असलेले 'ओऑथ २.०' हे मानक ऑक्टोबर २०१२ मध्ये, तर त्यावर आधारलेले 'ओपनआयडी कनेक्ट' फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. भारत सरकारचे डिजिलॉकरही अन्य संकेतस्थळांना ओऑथद्वारे जोडले जाते. त्यामुळे यवतमाळ, पुसद किंवा वणी येथील विद्यार्थ्यास नाव ठाऊक नसले तरी ही पद्धत अपरिचित नसते.

कार्यपद्धती

संकेतस्थळ वापरकर्त्यास त्रयस्थ सेवेच्या पानावर पाठवते. तेथे संमती मिळाल्यावर ती सेवा त्याला अल्पजीवी संकेतांकासह आधी नोंदवलेल्या परतीच्या पत्त्यावर धाडते. सर्व्हर हा संकेतांक व आपली गुप्त किल्ली दाखवून टोकन मिळवतो. मूळ पासवर्ड संकेतस्थळाच्या हाती कधीच पडत नाही. जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये हे काम 'ऑलऑथ', तर लारावेलमध्ये 'सोशलाइट' करते.

दोष व निवारण

सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे परतीचा पत्ता न जुळणे. गूगल हा पत्ता अक्षरशः ताडून पाहते. शेवटची तिरकी रेघ राहिली तरी प्रवेश नाकारला जातो. नोंद अचूक असूनही चूक दिसत असल्यास संशय प्रॉक्सीवर घ्यावा. एन्जिनएक्ससारखा प्रॉक्सी एचटीटीपीएस स्वतः हाताळून आतील ॲप्लिकेशनला साधी एचटीटीपी विनंती देतो, आणि जँगो परतीचा पत्ताही 'एचटीटीपी'नेच रचतो. अशा वेळी मूळ प्रोटोकॉल कळवणारे हेडर प्रॉक्सीने पाठवावे आणि जँगोला त्यावर विश्वास ठेवण्यास सांगावे. मात्र बाहेरून आलेले तेच हेडर प्रॉक्सीने काढून टाकणे आवश्यक आहे, अन्यथा कोणीही ते खोटे पाठवू शकेल.

'स्टेट' न जुळणे हा दुसरा दोष. जाताना सेशनमध्ये ठेवलेली ही खूण परतताना सापडावी लागते. वापरकर्ता 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सह निघून त्याविना परतला, तर कुकी हरवते. ॲपल नाव वा ईमेल मागितल्यास उत्तर पोस्ट पद्धतीने पाठवते. तेव्हा 'लॅक्स' कुकी सोबत येत नाही.

दुसऱ्या ॲपच्या आतील ब्राउझरमध्ये गूगल लॉगिन नाकारते. दुवा क्रोममध्ये उघडल्यास काम भागते.

फेसबुक खाते केवळ मोबाइल क्रमांकावरही उघडता येते. अशा खात्याकडून ईमेल मिळत नाही आणि ईमेल गृहीत धरणारा प्रोग्राम तेथेच कोलमडतो.

खाती जोडणे

ईमेलने आधी नोंदणी केलेली व्यक्ती पुढे गूगलद्वारे आली, की दुसरे रिकामे खाते तयार होते आणि जुना अर्ज नाहीसा झाला असे तिला वाटते. त्यावर ईमेल जुळताच खाती आपोआप जोडण्याचा उपाय मोहक असला तरी धोक्याचा आहे. त्रयस्थ सेवेने तो ईमेल पडताळलेला नसेल, तर परक्याचा पत्ता लिहून त्याच्या खात्यात शिरता येते. म्हणून ईमेल पडताळलेला असल्याची खूण टोकनमध्ये तपासावी. ती नसल्यास जुन्या पासवर्डने प्रवेश करवून मगच जोडणी करावी.