देवीची आंबील आणि घरची सुरा

मार्गशीर्षी पौर्णिमा जवळ आली की कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर या बाजूंनी सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराकडे यात्रेकरूंची रीघ लागते. पूर्वी बैलगाड्यांच्या रांगा जात, आता मोटारी जातात. परंतु गाडी कोणतीही असो, यात्रेच्या नैवेद्यात एक पदार्थ चुकत नाही. तो म्हणजे आंबील. यात्रा आटोपून भक्तमंडळी परतल्यावर कोल्हापुरास रेणुकेच्या देवळी जी यात्रा भरते, तिचे नावच मुळी 'आंबील यात्रा' असे पडले आहे. वडी, भाकरी, मेथीची भाजी, कांद्याची पात आणि आंबील, असा हा साधा शेतकरी नैवेद्य. पंचपक्वान्नांचा थाट त्यात नाही.

रेणुका ही परशुरामाची माता. ज्या परशुरामाने समुद्र हटवून कोकणची भूमी निर्माण केली असे आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्याच्या मातेस घाटावरील लोक आंबट पेज अर्पण करतात, ही गोष्ट आमच्या कोकणी वाचकांस विचार करण्याजोगी वाटेल. आपल्या देवळांतून शुचितेचे नियम कडक. शिळे, आंबलेले अन्न देवापुढे ठेवावयाचे नाही, असा सर्वसाधारण दंडक. मग आंबलेल्या पिठाची पेज देवीस कशी चालते? हा प्रश्न आम्हांस अनेक वाचकांकडून वेळोवेळी ऐकावयास मिळाला आहे. काहींच्या प्रश्नामागे जिज्ञासा असते, काहींच्या मागे थोडा तुच्छतेचा भावही असतो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे आपण थेट वेदकाळापर्यंत जाऊन पोहोचतो, आणि परत येताना इंग्रजी अमदानीतील अबकारी कचेरीवरून यावे लागते.

प्रथम आंबील म्हणजे काय ते पाहू. नाचणीचे किंवा जोंधळ्याचे पीठ रात्री पाण्यात कालवून मडक्यात झाकून ठेवावयाचे. सकाळी त्यास आंबूस वास येतो. मग ते उकळत्या पाण्यात सोडून, गुठळी होऊ न देता शिजवावयाचे, आणि निवल्यावर ताक, मीठ, जिरे, लसूण घालून प्यावयाचे. कानडीत यालाच 'अंबली' म्हणतात. रात्रभरात मडक्यात जे घडते, तेच दुधाचे दही होताना घडते. सूक्ष्म जंतू पिठातील साखरेपासून आम्ल तयार करतात. त्यात मादकता नसते, आणि पुढे शिजवल्यामुळे जंतूही उरत नाहीत.

परंतु याच धान्यास आधी मोड आणले, तर गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. मोड आलेल्या दाण्यात पिठाचे साखरेत रूपांतर करणारी द्रव्ये उत्पन्न होतात. त्या साखरेवर किण्व, म्हणजे ज्यास आज यीस्ट म्हणतात, ते पडले की मद्य होते. याचा अर्थ, आंबील आणि सुरा या एकाच घरच्या दोन बहिणी होत. एक ताकाच्या संगतीने देवघरात गेली, दुसरी किण्वाच्या संगतीने वेशीबाहेर गेली.

ही दुसरी बहीण नेहमीच वेशीबाहेर होती असे मात्र नाही. सौत्रामणी नामक वैदिक यागात सुरेचीच आहुती असे. त्याची कथा शतपथ ब्राह्मणात आली आहे. इंद्राने त्वष्ट्याचा सोम आमंत्रणाविना प्राशन केला, त्याची शक्ती अंगाअंगांतून निसटून गेली, आणि अश्विनीकुमार व सरस्वती यांनी त्यास पुन्हा बरे केले. या यागासाठी सुरा कशी करावी याचा विधी सूत्रग्रंथांतून तपशीलवार सांगितला आहे. मोड आलेले धान्य, म्हणजे शष्प आणि तोक्म, लाह्या, आणि नग्नहू नावाचे विरजण. हे सर्व शिजलेल्या धान्याशी मिसळून तीन रात्री ठेवीत. आज युरोपातील एखादा गृहस्थ आपल्या स्वयंपाकघरात बिअर करावयास बसला, तर तोही मोडाचे धान्य, भाजलेले धान्य आणि विरजण याच तीन गोष्टी हाताशी घेईल. फरक इतकाच की आपल्याकडे ही कृती मंत्रांसह लिहून ठेवली गेली.

तथापि वैदिक ऋषींनी सुरेस सोमाची बरोबरी कधी दिली नाही. त्याच शतपथात सोम सत्याच्या आणि प्रकाशाच्या बाजूस ठेवला आहे, सुरा अनृताच्या आणि अंधाराच्या बाजूस. पुढे मनुस्मृतीने गौडी, पैष्टी व माध्वी, म्हणजे गुळाची, पिठाची व मधूकाची, असे सुरेचे तीन प्रकार सांगून द्विजांस ती वर्ज्य केली आणि सुरापान महापातकांत घातले. समुद्रमंथनातून अमृताबरोबर वारुणीही वर आली आणि बलरामास ती प्रिय झाली, असे पुराणे सांगतात. म्हणजे कल्पसृष्टीत तिला स्थान राहिले, यज्ञशाळेतून मात्र ती हळूहळू निघून गेली.

येथेच आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर सापडते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात 'शुक्त' म्हणजे आंबलेले पदार्थ निषिद्ध म्हटले आहेत. पण लागलीच अपवादही केला आहे. दही आणि दह्यापासून झालेले सर्व पदार्थ भक्ष्य ठरविले आहेत. आता आंबिलीच्या कृतीकडे पुन्हा पाहावे. तिच्यात ताक येते. ज्या कुणब्याच्या घरी ही रीत चालत आली त्याने स्मृती वाचली होती असे आमचे म्हणणे नाही. पण शास्त्राने ज्या दारातून आंबटपणास आत घेतले, त्याच दारातून लोकांची आंबील आत आली आहे, हे नाकारता येत नाही. शिवाय आयुर्वेदाने कांजिक, सौवीर, तुषोदक ही धान्याची आंबट पेये औषधांत गणली आहेतच. आणि आंबोळी, इडली व सान्नां आपण आवडीने खातो, तेव्हा आंबवण्याचा विटाळ आपण मानतो असे म्हणण्यास तोंड उरत नाही. गोव्यात सान्नां फुगविण्यास माडाची ताडी घालीत, आणि कोकणीत त्या ताडीस आजही 'सूर' म्हणतात. वेदांतील शब्द असा माडावर चढून बसला आहे!

आता राजसत्तेने या घरगुती विद्येशी कसा व्यवहार केला ते पाहू. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात १९०५ साली शामशास्त्री यांच्या हाती आलेल्या आणि १९०९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु यांची मापे त्यात दिली आहेत. मेदकास एक द्रोण पाण्यास अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व, असे नेमके प्रमाण सांगितले आहे. कौटिल्य कर घेण्यात कसूर करणारा नव्हे. तरीही कुटुंबवत्सल गृहस्थांस सणाकार्यास श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा तो देतो. उत्सव, समाज आणि यात्रा यांच्या प्रसंगी चार दिवस मोकळीक द्यावी असेही सांगतो. किण्व निवडण्याचे काम स्त्रिया व मुले यांनी करावे, असे त्याचे आणखी एक वाक्य आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही विरजणाची पारख ही घरातल्या स्त्रीची विद्या मानली जात होती.

आमच्या सीमाभागातही अशी विद्या होती. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वनस्पतिग्रंथांतून मराठी मुलखात नाचणीपासून होणाऱ्या 'बोजा' नामक आंबवलेल्या पेयाची नोंद मिळते. मध्य आशियापासून बाल्कन देशांपर्यंत भरड धान्याचे 'बोझा' नावाचे पेय पितात, ते नामसाम्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे. नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेतील उंच प्रदेशातून फार प्राचीन काळी आपल्याकडे आली. युगांडातील तेसो लोक तिचीच 'अजोन' नामक बिअर करतात. सिक्कीम व दार्जिलिंगकडे मोडाशिवाय, 'मर्चा' नावाच्या विरजणाने तिची छांग होते, ती बांबूच्या नळीने ऊन पाणी घालून पितात. तेव्हा बेळगावच्या डोंगराळ पट्ट्यात त्याच दाण्यापासून एकीकडे आंबील व दुसरीकडे बोजा निघत होता, यात नवल नाही.

आज मात्र बोजा हा शब्द या भागात कोणाच्या तोंडी ऐकू येत नाही. त्यास कायद्याचा इतिहास बऱ्याच अंशी कारण असावा. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने परवान्याविना मद्य तयार करणे गुन्हा ठरला, आणि सरकारी देखरेखीच्या भट्ट्यांतील दारूवर महसूल उभा राहिला. मडक्यातल्या बोजाचे माप कोण घेणार आणि त्यावर कर कोण बसविणार? भट्टीची दारू मोजता येते, म्हणून ती सरकारास सोयीची. परिणाम असा की सौम्य व पोषक पेय मागे पडले, आणि जहाल दारू दुकानातून राजरोस मिळू लागली. पुढे १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला, तो बेळगावासही लागू झाला. १९५१ साली बलसारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा बव्हंशी उचलून धरला, पण औषधी व प्रसाधनी द्रव्यांपुरती त्याची मिठी सैल केली. कौटिल्याने अरिष्टास दिलेली सूट अशी न्यायालयाच्या निकालात पुन्हा अवतरली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि १९६५च्या अबकारी कायद्याचा अंमल पुढे त्यावर बसला. सीमेच्या अलीकडे एक कायदा, पलीकडे दुसरा. पण घरच्या मडक्यास दोन्हीकडे जागा नाही.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे या भागात थोडी नाहीत, आणि त्या घरांतील स्त्रियांनीच दारूबंदीची मागणी लावून धरली, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. यल्लम्माच्या नावाने चाललेली देवदासीची चाल १९८२च्या कर्नाटक कायद्याने बंद करावी लागली, तीही रास्त गोष्ट झाली. जुने ते सर्व जपावे असा आमचा आग्रह नाही. परंपरेतील काय सोडावे आणि काय ठेवावे, याचा विवेक हवा, एवढेच आमचे म्हणणे.

परदेशांत हा विवेक कसा चालतो ते पाहण्यासारखे आहे. उत्तर युरोपात गहू नीट पिकत नाही, तेथे राय नावाचे धान्य होते. रशियात रायच्या पावापासून क्वास करतात. फिनलंडच्या खेड्यांतून सातूचे मोड, थोडी राय आणि ज्युनिपरच्या डहाळ्या यांनी साहती नावाची बिअर घरोघर करीत. एलियास लोनरोट यांनी लोकगीते जमवून १८३५ साली प्रथम आणि १८४९ साली वाढवून प्रसिद्ध केलेल्या 'कालेवाला' महाकाव्याच्या विसाव्या सर्गात बिअरच्या जन्माची कथा आहे. पेय फसफसेना म्हणून नाना उपाय होतात, आणि शेवटी मधमाशीने आणलेल्या मधाने ते उसळते. इंग्लंडात घरी बिअर करण्यास परवाना लागत असे, तो १९६३ साली उठला. अमेरिकेत १९७८च्या कायद्याने घरच्या बिअरला मोकळीक मिळाली. तेव्हापासून तेथील हौशी लोक टोल्किनसारख्या लेखकांच्या कल्पसृष्टीतील पेये आपल्या घरी उतरवून पाहतात. कादंबरीतील खाणावळीत काय पीत असतील याचा विचार करून ते रायचे मोड भाजतात! यास पोरखेळ म्हणून हसणे सोपे आहे. परंतु त्यांच्या हाताशी कृतींची लेखी परंपरा आहे, आणि नसलेल्या जगाची चवसुद्धा ते शोधू शकतात. आमच्या हाताशी सौत्रामणीची सूत्रे आहेत, अर्थशास्त्राची मापे आहेत, आणि आजीच्या मडक्याची रीत मात्र कोठेच लिहिलेली नाही.

गोव्याच्या काजू फेणीस २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, आणि नाचणीस पुन्हा प्रतिष्ठा आली. बाजारात तिच्या पिठाच्या सुबक पुड्या आल्या. पण त्याबरोबर एक गोष्ट निसटत आहे. घाईच्या दिवसांत पुष्कळ घरी पीठ रात्री भिजत ठेवीतच नाहीत. सकाळी पेज शिजवून वर ताक ओततात आणि तिलाच आंबील म्हणतात. आंबटपणा ताकाचा, आंबवण मुळीच नाही. पीठ किती आंबले हे वासावरून ओळखणारे नाक, उन्हाळ्यात किती घटका आणि थंडीत किती याचा अंदाज, कोणते मडके धुवावे आणि कोणते नुसते पुसावे याची जाण, ही सारी विद्या एका पिढीत बुडू शकते. बोजाचे असेच झाले, आणि त्याची कृती आज सांगावयास कोणी राहिले नाही.

म्हणून वाचकांस आमची एक विनंती आहे. येत्या मार्गशीर्षात ज्यांच्या घरी देवीची आंबील होते, त्यांनी ती करणाऱ्या वडील स्त्रीजवळ बसावे आणि धान्य, पाणी, वेळ व मडके यांचा तपशील वहीत उतरवून घ्यावा. ज्यांच्या घरी ती होत नाही, त्यांनी निदान तिला हलके लेखू नये. यज्ञातील सुरेचा अधिकार काळाने काढून घेतला, कुणब्याच्या बोजाचा अधिकार कायद्याने काढून घेतला. देवीच्या आंबिलीचा अधिकार आपल्या आळसाने जाऊ नये.